अनदर राउंड: जाहिरात नाही वाटली मला

कोणीतरी २०२० च्या 'अनदर राउंड' या सिनेमाला दारूची जाहिरात म्हटलं, मला नाही पटलं ते. चार डॅनिश मास्तर, वर्गात पोरं ऐकत नाहीत, त्यातल्या मार्टिनचं तर घरी बायकोशी बोलणंच उरलं नाही, अन् मग ती फिन स्कार्डेरुड या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या नावावरची थिअरी, की माणसाच्या रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल कमी असतं, तेवढं भरून काढायचं. हे चौघं पिऊन तोच प्रयोग करून पाहतात. मार्टिनचा इतिहासाचा तास सुरुवातीला खरंच रंगतो, धोका तिथंच आहे ना भाऊ! प्रयोग म्हटला की थांबायची रेषा आपणच पुढे सरकवत जातो. चौघांतल्या टॉमीचं शेवटी काय होतं ते पाहून जाहिरात कोण म्हणेल?

आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ, म्हणजे ०.०३ टक्के, यांची पहिली पायरीच त्याच्या वर.

अन् आजार दारूच्या आधीचा आहे. वाढदिवसाच्या जेवणात मार्टिन झालेल्या मॅड्स मिकेलसनचे डोळे भरून येतात तो सीन पाहा, तेव्हा प्रयोग सुरूही झालेला नसतो. इथं नागपुरात पन्नाशीचे कितीतरी लोक तसेच आतून थकून राहिले, त्यांना ग्लास भरून देणारे खूप आहेत, बोलतं करणारं कोणी नाही, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.