मोहरीची पेंड, पण जपून

सोया डीओसी (तेल काढून घेतलेली सोयाबीनची पेंड) महागली की ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात तिच्याऐवजी तेवढीच मोहरीची पेंड घालावी, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात पेंड मुबलक आहे, हे खरं. पण डीओसीत प्रथिनं साधारण ४५ टक्के, हिच्यात ३५च्या आसपास. लायसिन हे वाढीला लागणारं अमिनो आम्लही कमी, म्हणजे ते वेगळं द्यावंच लागतं.

खरी गोम ग्लुकोसिनोलेटची, म्हणजे मोहरीतल्या गंधकयुक्त घटकाची. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घाण्यावरची ताजी पेंड मूठभर घेऊन पाण्यात कालवून बघा, थोड्याच वेळात नाकात झणका जातो, डोळे चुरचुरतात. तो झणका त्यातूनच सुटतो. ग्लुकोसिनोलेट जास्त झालं की पिल्लं खाद्य कमी खातात, थायरॉईड सुजते, वजन मागे पडतं. कॅनोलाचे (मोहरीच्या जातकुळीतलं, ग्लुकोसिनोलेट कमी असलेलं पीक) परदेशी तक्ते इथे लावू नका: कॅनोलाच्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट ग्रॅमला ३० मायक्रोमोलच्या आत असतं, आपल्या जुन्या देशी वाणांत ते कितीतरी पटींनी जास्त. म्हणून स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात, अजिबात नको. फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, ५ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि रोज किती खाद्य संपतंय ते लिहून ठेवा. वजनाआधी तिथेच फरक दिसतो.