मदत हवी आहे : मत्स्यपालन आणि कालवपालनासाठीच्या सरकारी अनुदानाचा प्रस्ताव

मासे आणि कालवे (ऑयस्टर, म्हणजे खाण्याचे शिंपले) यांच्या एकत्रित संवर्धनासाठी आम्ही काहीजण सरकारी अनुदानाचा प्रस्ताव तयार करत आहोत. त्याबाबत अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

पिंजरे, दोर, तराफे यांसारख्या भांडवली खर्चाला अशा योजनांतून सहसा अनुदान मिळते. मात्र ते बहुधा आधी स्वतः खर्च करून देयके सादर केल्यानंतरच हाती येते. माशांच्या बाबतीत सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो आणि तो रोजचा असतो. कालवे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात, त्यामुळे त्यांना खाद्य लागत नाही, परंतु ते विक्रीयोग्य होईपर्यंत एक ते तीन वर्षे जाऊ शकतात. या मधल्या काळातील खेळत्या भांडवलाची तरतूद आपण कशी केलीत? मंजुरीपत्राच्या आधारे बँक कर्ज देते का?

दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. पाणी गाळण्याच्या याच सवयीमुळे सांडपाण्यातील जिवाणू आणि विषारी शैवालांची विषे कालवांत साठतात, आणि ही विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत. म्हणून पाण्याची नियमित तपासणी अटळ आहे, आणि विष आढळल्यास काढणी काही आठवडे थांबवावी लागते. तपासणीचा व शुद्धीकरण टाक्यांचा (विक्रीपूर्वी कालवे स्वच्छ पाण्यात ठेवण्याच्या टाक्यांचा) खर्च प्रस्तावात कोणत्या शीर्षाखाली दाखवावा, आणि काढणी थांबल्यास अनुदानाच्या अटींतील उत्पादनाचे उद्दिष्ट शिथिल होते का? (प्रस्तावाच्या नमुन्यात फक्त माशांचाच विचार केलेला दिसतो.)

ज्यांचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला असेल, त्यांनी त्या त्रुटी अवश्य कळवाव्यात.