मदत हवी आहे: महाराष्ट्राचा नकाशा (शहरं + रस्ते), व्हेक्टर, प्रिंटसाठी. अर्जंट!

चाकणकर (सोमवार, रात्री ११.४०)
महाराष्ट्राचा नकाशा पाहिजे. शहरं आणि रस्ते दोन्ही. व्हेक्टरच हवा (ठिपक्यांऐवजी रेघांची फाईल, कितीही मोठी केली तरी फुटत नाही), जेपीजी पाठवू नका, ते सगळे बघून झाले. मोठा केला की अक्षरं फुटतात. फ्लेक्सवाला म्हणतो पीडीएफ नाहीतर सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) आणा. गुरुवारपर्यंत लागेल. लिंक असेल तर टाका, लेक्चर नको.

पाटीपेन्सिल
लेक्चर नको म्हणालात तरी विचारतो. केवढा? नुसते जिल्हे की तालुकेही? रस्ते म्हणजे हायवे, का गावात जाणारेसुद्धा? नावं मराठीत की इंग्रजीत? ३५८ तालुके ए-४ वर बसवायचे असतील तर सोबत भिंग द्या.

सह्यभटक्या
गूगल मॅपमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घेता येतो. रेंज नसली तरी चालतो. हरिश्चंद्रगडाला मी तोच वापरला. पाचनईच्या वाटेने गेलो होतो, फोटो टाकू का?

चाकणकर
भिंतीवर मोबाईल चिकटवू का? ऑफिसला लावायचाय. ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, शेठना आपल्या गाड्यांचे रूट लाल रंगात हवेत. एनएच ४ वरचे जास्त.

कोरलकाका
३० वर्षं याच धंद्यात आहे. कुठलाही बरा जेपीजी घ्या, कोरलमध्ये टाका, ट्रेस मारा, म्हणजे चित्रावरून आकार आपोआप निघतात. १० मिनिटांत व्हेक्टर. उगाच अवघड करू नका.

नकाशावाली
काका, ट्रेस मारल्यावर रस्ता ही रेघ राहत नाही, रंगाचा पट्टा होतो. मग त्याची जाडी बदलायची कशी? यांना तर रूट लाल करायचेत. अक्षरांचेही नुसते आकार होतात. शिवाय जेपीजी कोणाचा, किती जुना? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. जुन्या नकाशात तो सापडणार नाही.

कोरलकाका
आमच्याकडे कोणी तक्रार केली नाही आजवर.

भूगोलाचे_सर
एनएच ४ म्हणजे आताचा ४८. २०१० मध्ये क्रमांक बदलले. कोकणातला १७ चा ६६ झाला, धुळ्याहून नागपूरला जाणारा ६ चा ५३. नकाशावर जुने आकडे छापू नका. आणि अधिकृत हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया. १७६७ पासूनची संस्था आहे, त्यांच्या पोर्टलवर नकाशांच्या पीडीएफ फुकट मिळतात.

नकाशावाली
सर, ते १:५०,००० चे (१ सेमी म्हणजे अर्धा किमी) शीट आहेत. अख्खं राज्य जोडायला चारशेच्या वर लागतील, गुरुवार कोणत्या वर्षाचा ते ठरवावं लागेल. 🙂
चाकणकर, भिंत केवढी ते सांगितलंच नाहीत.

चाकणकर
६ बाय ४ फूट. वर एसी आहे. नावं अर्थात मराठीतच, ड्रायव्हर वाचणार. कॉम्प्युटर आहे, भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो बसेल.

नकाशावाली
हे आधी सांगायचं ना! राज्य पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किमी आणि उत्तर-दक्षिण ७०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ चौकोनी. जागेची उंची ४ फूट, म्हणून स्केल १:६ लाख (१ सेमी म्हणजे ६ किमी) धरा. नकाशा साडेचार फूटच रुंद होईल. उरलेल्या पट्ट्यात अंतरांचा तक्ता नाहीतर फोन नंबर टाका.

आता भाच्यासाठी. क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, ते टाक. जिओफॅब्रिकच्या साइटवर भारतात 'वेस्टर्न झोन' आहे, ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटा, तो उतरव. शेपफाईल (नकाशाच्या डेटाचा एक फाईल-प्रकार) घेऊ नकोस, तिच्यात नावाचा एकच रकाना येतो आणि बरीच नावं इंग्रजीत असतात. पीबीएफ (त्याच डेटाचा दुसरा फाईल-प्रकार) घे. त्यात 'अदर टॅग्ज' नावाच्या रकान्यात मराठी नावं सापडतात. सगळ्यांची नसतात, उरलेली हाताने टाइप कर. जिल्हे ३६ आहेत, पालघर विसरू नकोस. रस्त्यांमध्ये मोटरवे, ट्रंक, प्रायमरी (म्हणजे मोठे रस्ते) एवढेच ठेव, नाहीतर पुण्याभोवती काळा ठिपका दिसेल. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) अंशांमध्येच ठेवलंस तर राज्य आडवं ५-६ टक्के ताणलं जातं. लॅम्बर्ट प्रोजेक्शन घे. यूटीएम या प्रोजेक्शनचा ४३ वा पट्टा नको, ७८ रेखांशापर्यंतच त्याची हद्द आहे, नागपूर त्याच्या बाहेर पडतं.

पाटीपेन्सिल
लेक्चर नको म्हणाले होते.

मराठी_बाणा
नकाशात बेळगाव दाखवणार का? आधी ते सांगा.

पाटीपेन्सिल
झालं सुरू.

भूगोलाचे_सर
प्रकरण २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. भिंतीवरच्या फ्लेक्सने त्याचा निकाल लागणार नाही. सीमाभागासाठी वेगळा धागा काढा.

सह्यभटक्या
नकाशात किल्लेपण टाका की.

चाकणकर (बुधवार, रात्री १०.१५)
भाच्याने केलं. दोन रात्री जागला, आता माझ्याशी बोलत नाही. पीडीएफ घरी एकदम झकास दिसते. फ्लेक्सवाल्याने त्याच्या मशीनवर उघडली तर 'धाराशिव' आणि 'सिंधुदुर्ग' दोन्हींची वाट लागली. वेलांटी एकीकडे, अक्षर भलतीकडे. उद्या गुरुवार!!

कोरलकाका
बघा. मी म्हणालो होतो ट्रेस मारा.

नकाशावाली
ट्रेस नाही. फ्लेक्सवाल्याचं सॉफ्टवेअर जुनं असणार, युनिकोड मराठी नीट जुळत नसेल. एक्सपोर्ट करताना मजकुराचा पर्याय येतो, त्यात अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्या. मग फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. पण मूळ फाईल जपून ठेवा, बाह्यरेषा केल्यावर नाव सुधारता येत नाही. आणि कोपऱ्यात 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' असं बारीक छापा, परवान्याची अट आहे.

कोरलकाका
बाह्यरेषा म्हणजे आमचं कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज. ते तर रोजच करतो आम्ही. आधी बोलायचं ना.

चाकणकर (गुरुवार, सकाळी ९.०५)
जमलं! सिंधुदुर्ग सरळ झाला. छापायला दिलाय. आता शेठ म्हणतात गोवा का नाही, आपली गाडी फोंड्याला जाते.

नकाशावाली
वेस्टर्न झोनच्या फायलीत गोवा आहेच. राज्याची हद्द कापताना भाच्याने काढून टाकला असेल. त्याला उठवा.