नगरपरिषदेचा तलाव, बॅडमिंटन हॉल आणि ऑफिस: लाईटबिल कमी करायचं तर सुरुवात कुठून?

नप_विद्युत
नमस्कार मंडळी. एका ब वर्ग नगरपरिषदेत विद्युत विभाग बघतो, विभाग म्हणजे मी आणि दोन वायरमन. नव्या सीओ (मुख्याधिकारी) मॅडमनी पंधरा दिवसात प्रस्ताव मागितलाय की बिल कमी कसं करणार. आमच्याकडे दोन मजली जुनं ऑफिस आहे, पंखे साठेक असतील, एसी फक्त साहेब लोकांच्या केबिनला. बॅडमिंटन हॉलला 400 वॅटचे मेटल हलाईड 12 दिवे, आणि 25 मीटरचा पोहण्याचा तलाव, त्याला 10 एचपीचा फिल्टर पंप. जो येतो तो म्हणतो गच्चीवर सोलर टाका, विषय संपला. एक सप्लायर तर कोटेशन घेऊनच बसलाय. मला मात्र वाटतंय आधी दुसरं काहीतरी बघायला पाहिजे, पण काय ते नीट सांगता येत नाहीये. कुणी असलं काम केलंय का?

ऑडिटवाली
केलंय, बरंच केलंय. सोलर वाईट नाही हो, आपल्याकडे एक किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात आणि गच्चीवर 100 चौरस फूट जागा लागते, ऑफिस दिवसाच चालतं म्हणजे जुळतंही छान. पण गळकी बादली तशीच ठेवून मोठा नळ कशाला लावायचा? आधी वापर खाली आणा, मग सोलर लहान बसेल, पैसेही कमी लागतील.

पंख्यांचं सांगते. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे नवा कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. रोज 8 तास आणि वर्षात 250 दिवस धरले तर एका पंख्यामागे 90 युनिट, साठ पंख्यांचे 5400. पण एक अनुभवाची गोष्ट, हे पंखे रिमोटवर चालतात आणि सरकारी ऑफिसात रिमोट महिनाभरसुद्धा टिकत नाही. एका ठिकाणी आवक-जावक टेबलाचा पंखा सुरू करायला लेखा विभागातून रिमोट आणायचे, शेवटी वैतागून जुना पंखा परत लावला. भिंतीवरच्या बटणावर चालणारा बीएलडीसी मिळतो, टेंडरमध्ये तसं स्पष्ट लिहा. आणि तो जुन्या रेग्युलेटरला जोडू देऊ नका, पंखा जळतो.

आणि भाऊ, प्रस्ताव लिहायच्या आधी एक काम करा. रात्री 11 ला मीटरचं रीडिंग घ्या आणि पहाटे 6 ला परत घ्या. सगळं बंद असताना मीटर किती फिरतो ते बघा.

चोकवाला
बॅडमिंटन हॉलचं मी सांगतो, आमच्या गावात हेच झालेलं. मेटल हलाईड 400 चा म्हणजे चोक धरून 440 वॅट आरामात. खरी गोम वेगळीच आहे. तो दिवा एकदा बंद केला की गार होऊन परत पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, म्हणून हॉलचा शिपाई दोन बॅचच्या मधे तो बंदच करत नाही. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, बंद केला तर पुढची बॅच त्याच्या अंगावर येते. एलईडी हाय-बे, म्हणजे उंच छताला लावायचे दिवे, लावले की बटण दाबलं की लगेच उजेड, मग तोच माणूस आपणहून बंद करतो. आमच्याकडे 12 च्या जागी 150 वॅटचे 12 लावले आणि उजेड तेवढाच पडला. फक्त कोर्टाच्या डोक्यावर लावू नका, शटल वर गेली की डोळ्यात चमकतं, खेळणारे बोंब मारतात. दोन्ही बाजूने लावायचे.

आणि एल-वन एल-वन (टेंडरमधला सगळ्यात कमी दर) करत सगळ्यात स्वस्त माल घेऊ नका, वर्षभरात फ्लिकर मारायला, म्हणजे लुकलुकायला लागतो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला येते ते) 0.9 च्या वर आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून संरक्षण, एवढं स्पेसिफिकेशनमध्ये टाकाच.

डेव्हनचा_पाहुणा
मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडात एक्सेटरजवळ राहतो. इथे तलावाचं पाणी गरम ठेवण्यातच सगळे पैसे जातात. एक्सेटरच्या नगरपालिकेने 2022 मध्ये सेंट सिडवेल्स पॉइंट नावाचं जलतरण केंद्र सुरू केलं, सबंध इमारतच अशी बांधलीय की उष्णता बाहेर जातच नाही, पॅसिव्हहाऊस म्हणतात त्याला. शेजारच्या एक्समथला तर 2023 मध्ये वॉशिंग मशीनएवढा एक छोटा डेटा सेंटर तलावाला जोडला, कॉम्प्युटरची उष्णता पाण्यात. तुमच्या काही कामाचं नाही पण गंमत म्हणून सांगितलं. एक गोष्ट मात्र इकडची घेण्यासारखी आहे, रात्री तलावावर कव्हर टाकतात.

नप_विद्युत
@डेव्हनचा_पाहुणा दादा आमचा तलाव मे महिन्यात फुकटात गरम होतो 😀 पण कव्हरचं पटलं, उन्हाळ्यात पाणी उडतं आणि क्लोरीनही.

@ऑडिटवाली ताई काल रात्री गेलो होतो तलावाच्या मीटरवर. 11 ते 6 मध्ये रीडिंग 3.1 ने वाढलं. म्हणजे तीनच युनिट. बिल तर एवढं मोठं येतं, मीटरच खराब आहे का?

ऑडिटवाली
बिल काढा आणि एमएफ बघा, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा 🙂 सीटी मीटर असणार तुमचा, तो करंटचा ठरावीक हिस्साच मोजतो.

नप_विद्युत
अरे देवा. एमएफ 20 आहे. म्हणजे 62 युनिट. सात तासात!

चोकवाला
62 भागिले 7 म्हणजे जवळजवळ 9 किलोवॅट सतत. साहेब तुमचा पंप रात्रभर चालू आहे, वर दिवेपण.

नप_विद्युत
आज ऑपरेटरला विचारलं. मला दोन वर्षं सांगत होते पंप संध्याकाळी बंद होतो. त्याचं म्हणणं असं की तलाव सातला बंद झाला की फिल्टरमधला मेडिया (गाळायचा थर) घट्ट बसू नये म्हणून पंप चालूच ठेवतो, आणि पहाटे पाचची बॅच असते, त्यासाठी चारला येऊन पंप सुरू करणं त्याला जमत नाही, घर आठ किलोमीटरवर आहे. माणूस खोटं बोलत नाही, त्याला कुणी दुसरा मार्गच दिला नव्हता. आवारातले चार फ्लडलाईट पण तसेच, बटण आतल्या खोलीत आणि चावी वॉचमनकडे नाही. मग आता टाइमर लावून रात्री सगळंच बंद करू का?

ऑडिटवाली
दिव्यांचं करा, पंपाचं तसं करू नका! संध्याकाळच्या गर्दीनंतरच पाणी सगळ्यात घाण असतं. तुमच्या तलावात अंदाजे साडेचार लाख लिटर पाणी असेल. हा पंप तासाला 80 हजार लिटर देत असेल तर सगळं पाणी साडेपाच-सहा तासात एकदा फिरतं. टाइमरने सात ते एक चालवा, मग पहाटे साडेतीनला आपोआप सुरू. ऑपरेटर निवांत झोपेल. क्लोरीन आणि पाण्याचा गढूळपणा मात्र पहिले पंधरा दिवस रोज बघा.

दुसरं, पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धा दाबलेला आहे का बघून या. नव्वद टक्के ठिकाणी असतो असं मी म्हणेन, कारण पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो. गाडीचा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकने वेग सांभाळण्यातला प्रकार आहे तो. तिथे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, बसवा, वेग 80 टक्के केला की वीज जवळजवळ निम्मी लागते, पाणी फक्त वीस टक्के कमी येतं. व्हॉल्व्ह मग पूर्ण उघडा ठेवायचा.

लेखा_आजोबा
रिटायर्ड माणूस, मधेच बोलतो. बिलात मंजूर डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती भार घ्यायची मंजुरी आहे) आणि प्रत्यक्ष डिमांड दोन्ही आकडे असतात ते वर्षभराचे काढा. मंजूर जास्त असेल तर न वापरलेल्या डिमांडचे पैसे जातात. टॅरिफ कॅटेगरी, म्हणजे वीजदराचा वर्गही बघून घ्या, कुठेतरी व्यावसायिक लावलेली सापडेल. यात एक बल्बही बदलावा लागत नाही. एसीचं म्हणाल तर 2020 पासून नवीन एसी सुरू होताना 24 वरच सुरू होतो, पण रिमोट साहेबांच्या हातात, तिथे तुम्ही आम्ही काय करणार.

नप_विद्युत
व्हॉल्व्ह बघून आलो. दांड्याला तारेने बांधून ठेवलाय, अर्धा बंद, वर गंज चढलाय. ऑपरेटर म्हणतो मी कामाला लागलो तेव्हापासून असाच आहे. फोटो काढलाय, प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तोच लावतो. डिमांडचे आकडे सोमवारी टाकतो इथे.