पिवळा रंग भरला म्हणजे गाव वसलं असं नाही

एका भाऊंनी लिहिलंय, विकास आराखड्याच्या नकाशात शेतीचा हिरवा पट्टा रहिवासी पिवळा केला की वस्ती आपोआप वाढते. वाढते हो, पण कशी? १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं मुख्यालय केलं, नंतरची पेठ सरळ रेषेत आखली. त्या नंबरच्या गल्ल्यांत नवखा माणूसही चुकत नाही. आता धुळ्यातच देवपुराच्या पलीकडे किंवा जळगावात महामार्गालगत फिरून बघा. प्रत्येक शेतमालकाने आपापल्या गट नंबरच्या जमिनीपुरता प्लॉटचा लेआउट पाडलाय. एकाचा रस्ता नऊ मीटरचा, शेजारच्याचा थेट कुंपणाला टेकतो. त्यात आपली काळी जमीन, पहिल्या पावसातच गटारीचा हिशेब कळतो.

यावर १९६६ च्या नगररचना कायद्यातच उपाय आहे: नगररचना परियोजना. सगळ्यांची शेतं कागदावर एकत्र करायची, रस्ते-बागा-शाळेची जागा काढायची, मग प्रत्येकाला लहान पण चांगल्या आकाराचा, रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. भूसंपादनाचे पैसे नाहीत, ही रड त्यात बरीच कमी होते.

नाहीतर आराखड्यात मैदान-शाळेसाठी जागा नुसती राखून ठेवली, म्हणजे आरक्षण टाकलं, तर काय होतं? दहा वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही की आरक्षण रद्द, मैदान गेलं. आमच्या कॉलनीची खुली जागा तर नोटिशीविनाच गेली. आधी ओटा, मग पत्र्याचं शेड, आता लग्नाचा हॉल. पोरं क्रिकेट रस्त्यावर खेळतात.