प्रतिसाद: धूर नाही, गॅस

सिगडीचा धूर आणि घराण्यातून आलेला आजार यांचा काय संबंध, असं एका वाचकानं विचारलंय. अहो, धूर दिसला असता तर माणूस उठून तरी बसला असता! सिगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड गॅसला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो.

आमच्या ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या घरांत, जानेवारीत सिगडी आत घेऊन खिडक्या लावायची सवय. आत्याला अशीच सकाळी बेशुद्ध उचलली. चार दिवसांत घरी आली, ठणठणीत. तीन आठवड्यांनी चहात मीठ घालायला लागली, मग चपलाही उलट्या. सगळे म्हणाले, धसका घेतलाय. मेंदूतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, असं मागाहून बिघडू शकतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

घराण्यातून येणाऱ्या आजाराचा धागा इथे जुळतो. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात अ‍ॅरिलसल्फाटेज-ए हे एन्झाइम काम करत नाही, सल्फाटाइड नावाचं लिपिड (स्निग्ध द्रव्य) साचतं आणि मायलिन नासतं. त्यासाठी आईवडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. पण काही धडधाकट माणसांतही हे एन्झाइम उपजत कमी असतं, आयुष्यभर पत्ता लागत नाही. ऑक्सिजन तुटल्यावर उशिरा बिघडलेल्या काही रुग्णांत नेमकं तेच आढळलं. मात्र एन्झाइम नीट असलेलेही बिघडतात, त्यामुळे सगळं खापर जनुकावर फोडणं मला पटत नाही.

आत्या वर्षभरात बरीच सावरली. चहा मात्र अजून आम्हीच करतो.