कॅल्शियम नायट्रेटचे फोडलेले पोते पावसाळ्यात ओले झाले. त्यातला नायट्रोजन टिकला असेल का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
नमस्कार. उन्हाळी टोमॅटोसाठी आणलेली कॅल्शियम नायट्रेटची २५ किलोची तीन पोती शिल्लक राहिली. दोन शिवलेलीच आहेत. तिसऱ्यातले पाच किलो वापरून मी त्याचे तोंड सुतळीने बांधले आणि ते कौलारू पडवीत ठेवले. आषाढ सरेपर्यंत आतल्या पांढऱ्या दाण्यांचा चिकट लगदा झाला असून त्याचे वजन आता साडेबावीस किलो भरते. शेजारचे १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) मात्र कोरडेच आहे, फक्त तळाशी ढेकळे झाली आहेत. लगदा रब्बीला चालेल, की त्यातले सत्त्व उडून गेले? बैरूतचा स्फोट आठवून घरचे लोक ही पोती नकोच म्हणतात.

निवृत्त रसायन शिक्षक, बेळगाव
नायट्रेट घरातल्या तापमानाला उडून जात नाही. पोटॅशियम नायट्रेट तर ३३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याचे विघटन त्याहून वरच्या तापमानाला होते. आपल्या पोत्यात झाले ते एवढेच, की ३० अंशांना हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४७ टक्क्यांवर गेली की कॅल्शियम नायट्रेट पाणी ओढू लागते; पोटॅशियम नायट्रेटसाठी हीच मर्यादा ९० टक्क्यांच्या आसपास असते. खानापूरच्या पावसात पहिले कोरडे राहणेच अशक्य. वाढलेले अडीच किलो हे निव्वळ पाणी आहे, त्यामुळे लगदा तोलून मात्रा देऊ नका, ती कमी पडेल. पोत्यातून काही पाझरले नसेल तर सगळा लगदा प्लास्टिकच्या पिंपात ८० लिटरपर्यंत विरघळवा. त्या द्रावणाचे चार लिटर म्हणजे मूळ एक किलो खत.

बैरूतला ४ ऑगस्ट २०२० रोजी स्फोट झाला तो सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा. ते निराळे रसायन आहे, आणि आपल्याकडे ते ४५ टक्क्यांहून अधिक असलेल्या मिश्रणांना २०१२ च्या नियमांनुसार परवाना लागतो. तरीही कोणतेही नायट्रेट आगीला प्राणवायू पुरवते, म्हणून घरच्यांची काळजी अगदीच अनाठायी नाही.

खतविक्रेता, निपाणी
मास्तरांच्या म्हणण्याला दुकानातला अनुभव जोडतो. तंबाखूला क्लोराइड चालत नसल्याने आमच्याकडे १३-०-४५ ला मागणी असते आणि ते वर्षभर ठेवावे लागते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. डिझेल, कडबा, भुसा आणि गंधक त्या खोलीत नकोत. फोडलेल्या पोत्याला सुतळीचा काही उपयोग नाही. आतली प्लास्टिक पिशवी हवा दाबून काढून, पिळून बांधावी किंवा उरलेले खत घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. युरियाचे उघडे पोते शेजारी नको, कारण दोन्ही एकमेकांत मिसळली की फार लवकर पाणी सुटते. ढेकळे फोडत बसू नका, सरळ पाण्यात टाका.

मलप्रभाकाठ
दोघांचेही आभार. पडवीत चुन्याची गोणीही आहे आणि पोत्याच्या तोंडाला चुना लागलेला दिसतो. त्याने बिघडेल का?

निवृत्त रसायन शिक्षक, बेळगाव
या खतात साधारण एक टक्का नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो. चुना आणि ओल एकत्र आल्यास तेवढाच वायू होऊन जाऊ शकतो, नायट्रेट राहते. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर चुना लागलेला वरचा थर काढून टाका. द्रावणात मात्र सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खत मिसळू नका, साका बसून ठिबकची तोंडे बुजतील.